आवाज कुणाचा, वेळ कुणाचा?



विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी टॅब्लेटवरची ॲप्स हा विषय या अंकासाठी पुढे आला, तेव्हा संपादक गटात साहजिकच एक प्रश्न निघाला. हा शिक्षणखात्याचा, फार तर डॉक्टरांचा विषय. स्त्रियांच्या चळवळीच्या त्रैमासिकात त्याला जागा कशासाठी? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण समाजकार्याचं शिक्षण पूर्ण केल्यापासून मी वस्त्यांमधून अशा मुलांच्या घरी जाते आहे.

या घरांमध्ये एक गोष्ट सहसा चुकत नाही. मूल बोलत नाही म्हणून दवाखान्याच्या रांगेत आई उभी असते. 'तुमचा मुलगा वर्गात बसत नाही' हे ऐकायला शाळेत आईलाच बोलावलं जातं. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी खेपा ती घालते, त्या दिवसाची मजुरी तिचीच बुडते आणि 'तुझ्याच पोटी असं कसं आलं' हे सासरी तीच ऐकते. आता घरात टॅब्लेट आला, तर तो चालवायला शिकायचं, मुलाला शिकवायचं, तो फुटू नये म्हणून सांभाळायचं, हेही तिच्याच वाट्याला येतं. जे काम बाईनं करायचंच असं गृहीत धरलं जातं, त्या कामाबद्दल बोलणं हे आपल्या चळवळीचं पहिल्यापासूनचं काम आहे. म्हणून हा विषय आपला आहे.

आधी ही साधनं काय करतात ते नीट समजून घेऊ. ॲप म्हटलं की गाणी, गोष्टी आणि खेळ एवढंच डोळ्यांपुढे येतं. इथे प्रामुख्यानं दोन तऱ्हांची ॲप्स आहेत. पहिली बोलण्यासाठीची. स्वमग्न मूल, सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल, ज्याला कळतं पण तोंडातून शब्द फुटत नाही असं मूल, याच्यापुढे पडद्यावर चित्रांच्या चौकटी असतात. 'पाणी' या चित्राला बोट लावलं की टॅब्लेट मोठ्यानं 'पाणी' म्हणतो. 'मला', 'पाणी', 'हवं' अशी चित्रं जोडली की वाक्य होतं. पूर्वी हेच काम पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चित्रांनी होत असे आणि आजही अनेक ठिकाणी होतं. पण पुठ्ठ्याला आवाज नसतो. पलीकडच्या खोलीत भाकरी थापणाऱ्या आईला तो हाक मारू शकत नाही. २०१० साली आयपॅड बाजारात आला, त्यानंतर जे काम फार महागड्या खास यंत्रांवर होत होतं ते साध्या टॅब्लेटवर होऊ लागलं. आपल्या देशात चेन्नईत 'आवाज' हे ॲप तयार झालं. मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या विभागानं 'जेलो' हे मोफत ॲप तयार केलं आणि ते मराठीतही आहे. ही छोटी गोष्ट नाही. मुलाचा पहिला शब्द त्याच्या आईच्या भाषेत असावा, एवढी साधी अपेक्षा पुरी व्हायलाही बराच काळ जावा लागला.

दुसरी ॲप्स वाचण्या-लिहिण्यासाठीची. अध्ययन अक्षमता असलेलं मूल बुद्धीनं कमी नसतं. तोंडी विचाराल तर इतिहासाचा धडा ते घडाघडा सांगेल, पण पुस्तकातल्या ओळीवर आलं की जोडाक्षरात, रफारात, वेलांटीत अडकेल. अशा मुलाला मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं, अक्षरं मोठी आणि सुटी करून देणारं, बोललेलं लिहून देणारं साधन मिळालं, तर अभ्यासाचं दार त्याच्यासाठी बंद होत नाही. मराठी मजकूर वाचून दाखवण्याची आणि बोललेलं मराठी टंकून देण्याची सोय आता साध्या अँड्रॉइड फोनवरही मिळते. महाराष्ट्र शासनानं १९९६ साली अध्ययन अक्षमतेची दखल घेतली आणि दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती दिल्या. देशात हे पहिल्यांदा घडलं. पण सवलत मिळते ती दाखला असेल तर, आणि दाखला काढायचा असतो हे ज्या घराला माहीत असेल त्याला. वस्तीतलं असंच मूल आळशी ठरतं, दोन-तीनदा मार खातं आणि सातवी-आठवीत शाळा सोडून कामाला लागतं. मुलगी असेल तर तेवढंही होत नाही. तिला घरी बसवून धाकट्या भावंडाला सांभाळायला लावलं जातं, आणि तिला अक्षमता होती हे कुणाला कळतही नाही.

तर साधन उपयोगी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मूल ॲपवर अवलंबून राहिलं तर तोंडानं बोलायचं सोडून देईल, अशी भीती सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्या व्यक्त करतात. आजवरच्या अभ्यासातून ही भीती खरी ठरलेली नाही. उलट काही मुलांमध्ये तोंडी बोलणंही थोडं वाढलेलं दिसलं आहे. पण हे आपोआप होत नाही. आपण मुलाशी बोलतो तेव्हा आपणही त्या चित्रांना बोट लावत बोलायचं असतं. 'चल, जेवायला बस' म्हणताना 'चल' आणि 'जेवण' ही चित्रं दाबायची. असं दिवसातून अनेकदा, महिनोन्महिने करावं लागतं, तेव्हा कुठे मूल स्वतःहून एक चौकट दाबतं. तान्हं मूलही वर्षभर ऐकतं आणि मगच बोलतं, हे आपल्याला ठाऊक आहे; इथे ऐकण्याच्या जागी पाहणं आहे. म्हणजे टॅब्लेट मुलाच्या हातात देऊन आपण कामाला लागायचं, असं हे यंत्र नाही. ज्या ॲपमध्ये मूल तासन्‌तास एकटं रमतं, ते बहुधा ना बोलायला शिकवतं ना वाचायला. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासापेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं. ती मर्यादा करमणुकीच्या पडद्याची समजायला हवी. बोलण्याचं साधन मात्र दिवसभर मुलाच्या हाताशी असावं लागतं. अभ्यास केला नाही म्हणून आपण मुलाची जीभ काढून ठेवत नाही. तसंच शिक्षा म्हणून हे ॲपही काढून घ्यायचं नसतं.

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. साधन दिवसभर हाताशी हवं, पण वस्तीतल्या घरात ते असतं कुणाजवळ? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के होत्या, ग्रामीण भागात ४७ टक्क्यांच्या आसपास. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. टॅब्लेट तर फार थोड्या घरांत. बहुतेक ठिकाणी ॲप मोबाईलवरच उतरवलं जातं आणि चांगला मोबाईल घरात एकच असतो, नवऱ्याचा. बाप सकाळी फोन घेऊन कामावर गेला की मुलाचा आवाजही त्याच्याबरोबर जातो. रात्री नऊला तो परत येतो, तेव्हा मूल झोपलेलं असतं. 'ताई, ॲप चांगलं आहे, पण रविवारचंच आहे,' असं एका आईनं मला सांगितलं. या एका वाक्यात जे आहे ते कुठल्याही ॲपच्या जाहिरातीत येत नाही.

मग वेळेचा प्रश्न. केंद्र शासनाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनमोल काम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, पण पुरुषाचीही नऊ वाचली. मुलांची आणि आजारी-म्हाताऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळी. या सरासरीच्या वर बोलू न शकणाऱ्या मुलाच्या आईचा दिवस रचून पाहा. विशेष शिक्षिका म्हणते, रोज अर्धा तास ॲपवर सराव घ्या. वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणतात, रोज अर्धा तास तोंडाचे व्यायाम घ्या. व्यायामोपचाराचे डॉक्टर म्हणतात, रोज अर्धा तास पाय ताणून द्या. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबरच आहे. पण हे सगळे अर्धे तास एकाच बाईच्या दिवसातून काढायचे आहेत, आणि ती चार घरची धुणीभांडी करून आलेली आहे, याचा हिशेब कुणी मांडत नाही. महिन्यानं मूल पुढे सरकलेलं दिसलं नाही की कागदावर शेरा पडतो: पालकांचं सहकार्य कमी. इथे 'पालक' याचा अर्थ आई असतो.

पूर्वी चांगली आई म्हणजे उपास-नवस करणारी. आता चांगली आई म्हणजे ॲपवर रोजची नोंद भरणारी. मोजपट्टी बदलली, मोजली जाते ती बाई तीच. हे मी ॲपच्या विरोधात म्हणत नाही. धुण्याचं यंत्र आलं तेव्हा कपडे धुणं सोपं झालं, पण कपडे कुणी धुवायचे हे ठरलेलंच राहिलं. यंत्र घरातली वाटणी बदलत नाही, ती आपल्याला बदलावी लागते. म्हणून आमच्या वस्तीगटात एक साधा नियम केला आहे. ॲप शिकवण्याच्या बैठकीला बापानं किंवा घरातल्या दुसऱ्या एखाद्या मोठ्या माणसानंही यायचं. सगळे येत नाहीत. जे येतात त्यांच्यातले काही जण चित्रं दाबत मुलाशी पहिल्यांदाच गप्पा मारतात, आणि आपल्या मुलाला इतकं कळतं हे पाहून गप्प होतात.

आपल्या देशात या क्षेत्रातल्या अनेक संस्था आयांनी उभ्या केल्या, हेही विसरता येणार नाही. मुंबईत १९७२ साली मिथू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटीची सुरुवात केली ती मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी होती आणि तिला घेणारी शाळा नव्हती म्हणून. पूनम नटराजन यांनी चेन्नईत १९८५ साली, मेरी बरुआ यांनी दिल्लीत १९९१ साली आपापल्या मुलांच्या निमित्तानं काम उभं केलं. मालिनी चिब पुढे स्वतः लेखिका झाली. एका बोटानं टंकून तिनं आपलं आत्मकथन लिहिलं. या स्त्रियांबद्दल मला अतिशय आदर आहे. पण त्यांच्या कर्तबगारीकडे बोट दाखवून 'आईनं मनावर घेतलं की सगळं होतं' असं जेव्हा व्यासपीठावरून सांगितलं जातं, तेव्हा आपण सावध व्हायला हवं. ज्या बाईला शिक्षण, इंग्रजी, ओळखी यांचं बळ नाही, तिच्या मुलाचा हक्क तिच्या जिद्दीवर टांगून ठेवता येणार नाही.

आता मुलींविषयी. आमच्या ओळखीतल्या नऊ वर्षांच्या एका मुलीनं ॲपवर जो शब्द सर्वांत आधी आपलासा केला तो होता 'नको'. जेवायला नको, वेणी नको, पाहुण्यांच्या मांडीवर बसायला नको. चार दिवसांत आजीनं सांगितलं, 'ते चित्र काढून टाका, पोरगी हट्टी व्हायला लागली.' मुलाचं 'नको' घरात कौतुकानं घेतलं जातं, मुलीचं खटकतं, हे आपल्याला नवीन नाही. पण या मुलीच्या बाबतीत 'नको' म्हणता येणं हा जिवाचा प्रश्न आहे. बोलू न शकणाऱ्या मुलीवर अत्याचार करणारा हेच गृहीत धरतो की ती सांगू शकणार नाही. म्हणून कुठलंही ॲप पाहताना आपण तपासलं पाहिजे की त्यात फळं, फुलं, रंग यांच्यापलीकडे काय आहे. 'थांब', 'दुखतं', 'भीती वाटते', 'हात लावू नको', शरीराच्या सर्व अवयवांची नावं, पाळी, घरातल्या आणि शाळेत नेणाऱ्या-आणणाऱ्या माणसांचे फोटो, हे सगळं त्यात हवं. नसेल तर ज्या ॲपमध्ये आपली चित्रं घालता येतात ते निवडून घालायला हवं.

कायदाही इथे उपयोगी आहे. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार, म्हणजे पॉक्सोनुसार, अपंग बालकाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा त्या मुलाची बोलण्याची रीत ओळखणाऱ्या व्यक्तीची मदत घेता येते. म्हणजे टॅब्लेटवर बोट ठेवून बोलणारी मुलगी साक्ष देऊ शकते. पण त्यासाठी तिला ते शब्द आधीपासून यायला हवेत. घटना घडल्यावर शिकवलेला शब्द न्यायालयात पढवलेला ठरतो.

इथे १९९४ ची आठवण देणं भाग आहे. शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली आणि त्याविरुद्ध स्त्री संघटना रस्त्यावर आल्या. तेव्हा मी अगदी लहान होते. हे सगळं मला थोरल्या मैत्रिणींकडून आणि जुन्या कागदांतून कळलं. पाळीची स्वच्छता या मुलींना सांभाळता येत नाही, असं कारण तेव्हा दिलं गेलं. त्यांना शिकवायचा, विचारायचा प्रयत्न झाला का, हा प्रश्न आपल्या चळवळीनं विचारला. आज चित्रांच्या मदतीनं पाळीची माहिती टप्प्याटप्प्यानं शिकवता येते, 'आज पाळी आली', 'पोटात दुखतं' हे मुलीला स्वतः सांगता येतं. मग तिला विचारल्याशिवाय तिच्या शरीराविषयी निर्णय घेण्याला कुठलीच सबब उरत नाही.

या सगळ्यात बाजार मागे कसा राहील? परदेशी बोलक्या ॲपची किंमत शेकडो डॉलरपर्यंत जाते. मोफत म्हणून मिळणाऱ्या अनेक खेळ-ॲपमध्ये जाहिराती असतात आणि चार पायऱ्या झाल्या की पुढे पैसे मागितले जातात. अमेरिकेत २०१२ साली 'स्पीक फॉर युवरसेल्फ' हे ॲप ॲपलनं आपल्या दुकानातून काढून टाकलं. ते दोन स्त्री वाचातज्ज्ञांनी बनवलं होतं आणि मोठ्या कंपन्यांनी पेटंटच्या कारणावरून त्यांच्यावर दावा लावला होता. जी मुलं त्याच ॲपनं बोलत होती त्यांच्या आयांनी आवाज उठवला. काही महिन्यांनी तडजोड झाली आणि ॲप परत आलं. मुलाचा आवाज एखाद्या कंपनीच्या मालकीचा झाला की काय होऊ शकतं, ते यातून दिसतं. म्हणून सार्वजनिक संस्थांनी बनवलेली, भारतीय भाषांतली, मोफत साधनं टिकली पाहिजेत, ही मागणी आपण शासनाकडे केली पाहिजे.

आणि हे दान म्हणून मागायचं नाही. 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' शब्द आला, तेवढ्यानं कुणाच्या हातात काही पडलं नाही. पण २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात हात घालण्यासारखं बरंच आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कलम १७ मध्ये अशा विद्यार्थ्यांना पुस्तकं, शैक्षणिक साहित्य आणि योग्य ती सहाय्यक साधनं १८ वर्षांपर्यंत मोफत देण्याचं बंधन शासनावर आहे. बोलण्याचा टॅब्लेट हे सहाय्यक साधन आहे, चैन नाही. कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. घरातल्या देखभालीला मोल आहे हे कायद्यानं मान्य केलेली ही जागा आहे. आपण ती धरून ठेवली पाहिजे. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलींना दरमहा २०० रुपये विद्यावेतनाची तरतूद आहे. ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी अपंगांसाठी राखून ठेवायचा असतो. आणि शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आहेत.

म्हणून प्रत्येक गटानं येत्या तीन महिन्यांत चार गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. आपल्या वस्तीत किंवा गावात शाळेबाहेर बसलेली, न बोलणारी, न वाचणारी मुलं किती आणि त्यांतल्या मुली किती, याची यादी करा. गटसाधन केंद्रात जाऊन विशेष शिक्षक महिन्यातून किती वेळा येतात ते विचारा आणि कलम १७ चा दाखला देऊन साधनासाठी लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. महिला ग्रामसभेत ५ टक्के निधीचा हिशेब मागा. आणि शाळा व्यवस्थापन समितीवर अशा मुलाची एक तरी आई जाईल, हे बघा.

घरातल्यासाठीही एक काम आहे. अशा मुलाच्या आईला 'तू फार करतेस गं' असं म्हणणं सोपं आहे. त्यापेक्षा आठवड्यातून दोन दुपारी तिच्या मुलाजवळ बसा, ॲप शिकून घ्या आणि तिला मोकळं करा. ती त्या वेळात झोपेल, बाजारात जाईल किंवा आपल्या बैठकीला येईल. ते तिचं तिनं ठरवावं.

आपली,
संपादक गटाच्या वतीनं